हॉर्न मंद, बाकी ठीक

"जुनी वस्तू घ्यायची ना, मग वाकून बघायची. उभ्याने बघितलं तर नुसता रंग दिसतो."

हे माझे वडील म्हणायचे. शिवणयंत्रापासून सायकलीपर्यंत सगळ्याला त्यांचा हाच एक नियम. एकदा भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा भिंतीची ओल बघायला असेच वाकले. घरमालकाला वाटलं, पाया पडताहेत. त्याने तोंडभर आशीर्वाद दिला. भाडं मात्र कमी केलं नाही.

वडील गेले, वाक्य मागे राहिलं. आणि तेच वाक्य एका सकाळी चहा गाळताना मी सहज ह्यांना सांगितलं. पुढे जे रामायण घडलं त्याची साक्ष ह्यांची कंबर अजून देते.

मुळात गाडीची गरज निघाली ती माझ्या शब्दापायी. सासूबाईंची थोरली बहीण डोंगरावर राहते. वरपर्यंत रस्ता आहे, म्हणजे नकाशात आहे. प्रत्यक्षात पुलापर्यंत डांबर आणि पुढे दगडांची आपापसातली भांडणं. भाड्याच्या गाड्या पुलाशी पोचल्या की वळतात, वळता वळता आपल्याकडे अशा बघतात की आपणच चूक केली. पूर्वी सासूबाई पुढचं अंतर चालत जायच्या. आता गुडघे नाही म्हणतात. बहिणी फोनवर बोलतात, पण थोरलीला ऐकू येत नाही आणि धाकटीला ते मान्य नाही. तासभर ओरडून एकमेकींना काय कळतं ते देवच जाणे. त्यातून थोरलीचा मुलगा आता तिला कायमचं समुद्रापलीकडे आपल्या घरी न्यायला निघाला होता.

"एकदा तिच्या हातावर हात ठेवायचाय गं," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. म्हणाल्या त्या भाजीकडे बघून, माझ्याकडे नाही.

"मी नेते तुम्हाला वर, आई," मी म्हटलं. "त्या जायच्या आत."

मी सहसा शब्द देत नाही. दिला की पाळावा लागतो.

माझं आणखी एक आहे. रोज सकाळी देवापुढे दिवा लावून बसते आणि त्या दिवसापुरता एक नेम घेते. कधी गोड सोडते, कधी दुपारपर्यंत मौन, कधी दिवसभर राग गिळायचा. संध्याकाळचा दिवा लागला की नेम सुटतो. घराला त्याची सवय झाली आहे. हे तर रोज सकाळी दाराआडूनच विचारतात, "आज बोलणं चालू आहे ना?"

तर माझ्या शब्दाला ह्यांच्या हौशीची जोड मिळाली. ह्यांचा व्यवसाय हिशेब तपासण्याचा. दुसऱ्याच्या जमाखर्चातली चूक ह्यांच्या दाताखाली खड्यासारखी येते. पण मनात लग्नाआधीपासून एक जीप उभी आहे. आमची छोटी गाडी आहे. तिच्यात ह्यांचे गुडघे आणि स्टीअरिंग यांचं आजवर पटलेलं नाही. त्यामुळे "आईला डोंगरावर न्यायचं" हे ऐकताच ह्यांचं मातृप्रेम असं उसळलं की सासूबाईंनीच ताप आहे का म्हणून हात लावून बघितला. त्याच आठवड्यात जाहिरात सापडली: 'जुनी फोर-व्हील जीप. एका हातची. माणूस बघून देणे आहे.'

गाडी बघून घेतात हे माहीत होतं. माणूस बघून देतात हे नवीन होतं. पण त्या ओळीकडे कुणी लक्ष दिलं नाही.

बातमी जिन्यावर पोचली आणि वरच्या मजल्यावरून टाकीसाहेब खाली उतरले. हे निवृत्त इंजिनिअर. जन्मभर पाण्याच्या टाक्या बांधल्या, म्हणून सगळी इमारत त्यांना टाकीसाहेब म्हणते. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू शेवटी टाकीच असते.

"गळतं का ते बघा," ते म्हणाले. "गळत नसेल तर डोळे मिटून घ्या. माझी एकही टाकी आजवर गळलेली नाही."

हे ते आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगत होते, आणि त्यांच्या न्हाणीघरातून झिरपणारं पाणी बरोबर त्यांच्याच खांद्यावर पडत होतं. पण न्हाणीघर म्हणजे टाकी नव्हे.

दुसरा सल्ला फोनवरून आला. नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, हे जुन्या गाड्यांतले जाणकार. त्यांनी स्वतः एकही घेतलेली नाही, त्यामुळे अनुभवाने त्यांची मतं बिघडलेली नाहीत.

"तपासणीचा इतिहास काढा," भावोजी म्हणाले. "दरवर्षी गाडी तपासणी केंद्रात जाते. कधी पास, कधी नापास, सगळं तिथे असतं. आणि मधलं एखादं वर्ष गायब दिसलं तर समजायचं, गाडी दरीत गेली होती! त्या वर्षी ती बाहेर काढत होते."

"बाप रे," हे म्हणाले.

"आणि लोहचुंबक न्या. पत्र्याला चिकटला तर अस्सल. गळून पडला तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग फासलाय."

घरात लोहचुंबक एकच, फ्रिजवरचा हिरवा पोपट. त्याच्या चोचीखाली सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी असते. "पोपट परत आणा म्हणजे झालं," असं बजावून त्यांनी तो मुलाच्या हवाली केला.

पहिली स्वारी तपासणी केंद्रावर. त्या दिवशी माझं दुपारपर्यंत मौन होतं, म्हणून मी नुसतीच सोबत. खिडकीत एक कारकून बसले होते, गोल चेहऱ्याचे, अत्यंत शांत.

"या जीपचा तपासणीचा इतिहास हवा होता," ह्यांनी नंबर सांगितला.

"मालक तुम्ही?"

"नाही. घेणार आहे."

"मग घेतल्यावर या. मालकालाच दाखवता येतं."

"अहो, पण घ्यायची की नाही हे ठरवायलाच बघायचंय!"

"ठरवा ना. आमची काही हरकत नाही."

"म्हणजे गाडी चांगली आहे का हे कळायला आधी ती घ्यावी लागणार?"

"लग्नाचं कसं असतं, साहेब?" कारकून म्हणाले, आणि मग त्यांना मी दिसले. "माफ करा हं मॅडम. तुमच्याबद्दल नाही."

मी नुसती हसले. "हिचं आज मौन आहे," ह्यांनी खुलासा केला.

"भाग्यवान आहात," कारकून म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. मालकाला सोबत आणल्याशिवाय काही होणार नाही, एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्यापुढे बसले तेव्हा कालच्या प्रकाराने मन जरा गढूळ झालं होतं. म्हणून मुद्दाम नेम घेतला: आज कुणात आणि कशातही दोष काढायचा नाही. मन अगदी हलकं झालं. तशीच स्वयंपाकघरात आले आणि मी चहा गाळत असताना हे म्हणाले, "चल, जीपवाल्या काकांनी आजच बोलावलंय."

तेव्हा मी वडिलांचं ते वाक्य सांगितलं. वाकून बघायचं.

"छान!" हे म्हणाले. "मी भावाचं बोलतो, तू वाकून दोष काढ. बायकांना बरोबर दिसतात."

मी हळूच आजचा नेम सांगितला. ह्यांनी कप बशीत ठेवला.

"म्हणजे जुनी गाडी बघायला जायच्या दिवशी, दोष न काढण्याचा नेम?"

"मला सकाळी काय माहीत, आजच जायचंय ते?"

"तुला नसेल. देवाला तर माहीत होतं!"

याचं उत्तर देवाकडे असेल.

शेवटी तांत्रिक बाजू सांभाळायला टाकीसाहेबांना सोबत घेऊन आम्ही तिघं निघालो. जीपवाले काका घरामागच्या शेडच्या दारात हाताची घडी घालून उभे होते. उंच, किंचित वाकलेले, आणि चेहरा असा की कुणी मुलीला बघायला आलंय आणि तिच्या रंगाबद्दल बोलणार आहे.

"याआधी आलेल्यांनी टायरला लाथा घालून बघितल्या," काकांनी नमस्काराऐवजी सांगितलं. "मी म्हटलं, घाला. पाय तुमचा आहे."

शेडमध्ये जीप उभी होती. एके काळी हिरवी असावी. हे पोपट घेऊन पुढे झाले. पोपट बॉनेटला चिकटला, दाराला चिकटला, दुसऱ्या दाराला चिकटला, आणि मागच्या बाजूला टपकन पडला, उघड्या दारातून आत घरंगळला आणि दिसेनासा झाला.

"पडला!" हे ओरडले. "लांबी!"

"तिथे प्लास्टिक आहे," काका म्हणाले.

पोपट काही सापडला नाही. ह्यांनी कपाळ पुसलं आणि माझ्याकडे आशेने बघितलं. "तू बघ जरा. नीट बघ. काय वाटतं?"

मी बघितलं. पुढची सीट फाटून खोल गेली होती. "बसणाऱ्याच्या मापाची झालीय," मी म्हटलं. "नव्या सीटला हे जमत नाही."

ह्यांनी डोळे मिटले.

पत्र्यावर जागोजाग गंज होता. "रंग कसा झाडाच्या सालीसारखा दिसतो. डोळ्यांना बरं वाटतं." बाजूचा आरसा मधोमध तडकला होता. "एकाचे दोन दिसतात. मागे कुणी नसलं तरी सोबत वाटेल."

"अगं, भाव चढेल," हे माझ्या कानात पुटपुटले. रडवेल्या आवाजात पुटपुटता येतं, हे मला तेव्हा कळलं.

पण भलतंच घडलं. काकांच्या हाताची घडी सुटली. ते एक पाऊल पुढे आले, बॉनेटवर हात ठेवून जरा घुटमळले आणि म्हणाले, "ताई, एवढंही चांगलं नका बोलू. डावीकडचं दार आतून उघडत नाही. काच खाली करून हात बाहेर काढून उघडावं लागतं."

"उतरण्यापूर्वी जरा विचार होतो मग," मी म्हटलं.

"थंडीत लगेच सुरू होत नाही. किल्ली अर्धी फिरवली की समोर एक पिवळा दिवा लागतो. इंजिन आतून तापतं तेव्हा. तो विझेपर्यंत गप्प बसायचं आणि मग सुरू करायची. लोकांना तेवढा धीर नसतो. किल्ली मारत सुटतात आणि ती रुसते."

"दिव्यासमोर गप्प बसायची मला सवय आहे."

"आणि हॉर्न मंद आहे. दोनदा बदलला. या गाडीत आला की कुठलाही हॉर्न हळूच बोलतो."

"हिच्यासारखाच," हे म्हणाले. पण ह्यांचे कान टवकारले होते. पुढे काकांना थांबवणंच कठीण झालं. डावीकडे वळताना कशी कुरकुरते, वायपर कसा मनात आलं तर चालतो, सगळं सांगितलं. "आजवर जो आला त्याने दोष काढला आणि मी तो झाकला," ते म्हणाले. "तुम्ही काढतच नाही. मग सांगायचं कुणी?"

टाकीसाहेब इतका वेळ वाट बघत होते. "गळतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाणी नाही. तेल, थोडंसं."

टाकीसाहेबांनी, रोगी हातचा गेल्यावर डॉक्टर हलवतात तशी मान हलवली.

"कुठून गळतं ते खालून दिसेल," हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुझे वडील काय म्हणायचे? वाकून!" आणि वाकले. वाकले, बसले, आडवे झाले आणि खांद्यापर्यंत गाडीखाली गेले. मग गाडीखालून, जणू जीपच बोलतेय असा आवाज आला, "आई गं!"

कंबर धरली होती. ह्यांना ना पुढे जाता येईना ना मागे. काकांनी एक पाय धरला, मी दुसरा, आणि टाकीसाहेब उंचावरून सूचना देत राहिले. "भार समान वाटा! आधी टेकू, मग ओढा!" ओढून काढलं तेव्हा ह्यांचा आकार काटकोनी झाला होता आणि कपाळावर तेलाचा एक थेंब होता.

"गळतं," हे म्हणाले. "थोडंसं."

कुणीही शहाणा माणूस इथे घरी गेला असता. पण ह्यांनी दात आवळून जाहीर केलं, "इतिहास बघितल्याशिवाय मी हलणार नाही." खरं तर त्यांना तसंही हलता येत नव्हतं. काका मालक म्हणून खिडकीशी यायला तयार झाले. ते जीप घेऊन पुढे, मागे आमची छोटी गाडी: मी चालवतेय, शेजारी टाकीसाहेब, आणि मागच्या सीटवर हे, घडी घातलेल्या खुर्चीसारखे.

तपासणी केंद्रात खिडकीतून ह्यांचं फक्त डोकं दिसत होतं, तेही खाली झुकलेलं. कारकून अवघडून गेले. "अहो साहेब, एवढं कशाला? आमचं कामच आहे ते." मला वडील आठवले आणि मी तोंडाला पदर लावला.

"मालक आणलाय," हे जमिनीकडे बघत म्हणाले.

कारकुनांनी पडद्यावर बघून वाचायला सुरुवात केली. "पास. शेरा, हॉर्न मंद, बाकी ठीक." पुढचं वर्ष. "पास. हॉर्न मंद, बाकी ठीक." त्याच्या पुढचं. "हॉर्न मंद..." वाचता वाचता त्यांना चाल सापडली होती. अचानक थांबले. "हे एक वर्ष नाहीये. तपासणीच झालेली नाही."

"सापडलं!" ह्यांनी मान वर करायचा प्रयत्न केला, तो कंबरेने हाणून पाडला. "दरी! काका, कुठल्या दरीत गेली होती गाडी?"

काकांनी खिडकीच्या कठड्यावर हात टेकला. "कुठल्याच नाही," मग म्हणाले. "त्या वर्षी आमची मंडळी दवाखान्यात होती. गाडी शेडबाहेर काढलीच नाही. तिच्याशिवाय कुठे जायचं?"

टाकीसाहेबांनी उगाच चष्मा पुसला. "माफ करा काका," हे म्हणाले. वाकलेल्या माणसाची माफी फार खरी दिसते.

"असू द्या. बाकी ठीक," काका म्हणाले, आणि कारकुनांकडे वळले. "आता माझं एक काम करा. मी जाहिरातीतच लिहिलं होतं, माणूस बघून देणार म्हणून. बाहेर ह्यांची छोटी गाडी उभी आहे. तिचा इतिहास बघा. मालक हजर आहेत."

"बघा ना, खुशाल बघा!" हे म्हणाले. आवाजात हिशेब तपासनिसाचा सगळा आत्मविश्वास होता.

कारकुनांनी नंबर टाकला. पडद्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर गाडीकडे. मग ह्यांच्या टाळूकडे.

"साहेब, हिची तपासणी केव्हाच संपलीय. पुन्हा आलाच नाहीत तुम्ही."

"अशक्य! मी हिशेब तपासनीस आहे!"

"हो, पण ही तपासायची राहिली. आता तपासणी झाल्याशिवाय ती फाटकाबाहेर नाही जाऊ शकत."

जगात मौन पाळून पुष्कळांनी पुण्य मिळवलं असेल. पण त्या खिडकीशी तोंड मिटून मी जेवढं मिळवलं, तेवढं कुणी मिळवलं नसेल. संध्याकाळचा दिवा लागायला अजून अवकाश होता. हे खालून तिरक्या नजरेने माझ्याकडे बघत वाट पाहत होते.

"दुसऱ्यांचं बघण्यात तुम्ही इतके बुडालेले असता," मी मवाळपणे म्हटलं. "वेळ कुठे मिळतो?"

"त्यापेक्षा तू बोल मला," हे कळवळून म्हणाले. "चार शब्द सुनाव. हे सहन होत नाही."

काकांनी किल्ली खिशातून काढली, ह्यांच्या समोरून नेली आणि माझ्या हातावर ठेवली. "साहेबांना दिली नसती," ते म्हणाले. "ताईंना देतो."

व्यवहार तिथेच ठरला. आकडा सांगत नाही, कारण हे भावोजींना अजून वेगळाच सांगतात. आमची छोटी गाडी केंद्रात मुक्कामाला राहिली आणि हे नव्या जीपमध्ये मागे आडवे होऊन घरी आले. लग्नाआधीपासूनची हौस अशी पूर्ण झाली की छताखेरीज काही दिसलं नाही.

कागद माझ्या नावावर व्हायला दोन दिवस गेले. डॉक्टरांनी ह्यांना पट्टा बांधून अंथरुणावर टाकलं. आणि डोंगरावरून निरोप आला की थोरलीचा मुलगा आलाय, ते परवा निघणार.

"मला बरं वाटू दे, मग मीच नेतो," हे पडल्या पडल्या म्हणाले. पण परवाला थांबवणार कोण? भावोजींनी फोनवरून विचारलं, "कोण चालवणार? वहिनी? त्या दगडांत?" टाकीसाहेब म्हणाले, "पुलाचा भार मी हिशेब करून बघतो, आठवडा द्या." सासूबाई मात्र दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसल्या, बहिणीसाठी विणलेली शाल पिशवीत घातली आणि पहाटेपासून दाराशी चप्पल घालून बसल्या.

मी दिवा लावला. रोजच्यासारखी नेम घ्यायला बसले, आणि लक्षात आलं, आज नवा काही घ्यायचा नाहीये. एक आधीचाच आहे. नमस्कार करून उठले.

डावीकडचं दार बाहेरून उघडून सासूबाईंना चढवलं आणि पुढे बसवलं. फाटक्या सीटमध्ये त्या नीट मावल्या. "अगं, हा इथे आहे!" त्या म्हणाल्या. हिरवा पोपट सीटखालच्या लोखंडी पट्टीला घट्ट चिकटून बसला होता. त्यांनी तो सोडवून समोर, आपल्या नजरेपुढे लावला.

मी किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला. आम्ही दोघी गप्प बसलो. सासूबाईंनी सवयीने हात जोडले. दिवा विझला, मी किल्ली पूर्ण फिरवली, आणि जीप खाकरून, घसा साफ करून सुरू झाली.

वर खिडकीत हे कसेबसे येऊन उभे राहिले होते, पट्ट्यासकट. "वळणावर हॉर्न वाजव!" ते ओरडले.

मी वाजवला.

"अगं, वाजवून दाखव की!"

मी पुन्हा वाजवला.

"वाजव ना!"

"त्याला ऐकू येत नाहीये," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर नीट घेतली. "थोरलीला तरी कुठे येतं? पोचलो की कळेल तिला. चल तू."

मी गिअर टाकला आणि गाडी हळूच डोंगराच्या रस्त्याला लावली.